सत्तर वर्षांचं वचन

ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर सगळ्यांत जास्त दिसणारं वचन कोणतं, असं कोणी विचारलं तर मी फार विचार न करता यिर्मया 29:11 म्हणेन, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. 'तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो. ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हेच, नव्या नोकरीला हेच, लग्नाच्या शुभेच्छापत्रावर हेच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री फोनवर येतं ते चित्रही याचंच. मागे सूर्योदय, नाहीतर झाडीतून जाणारी पाऊलवाट. मीही ते पुष्कळांना पाठवलंय आणि पुढे पाठवणारच नाही अशी काही प्रतिज्ञा केलेली नाही.

वचन खरंच आहे. फक्त ते एका लांबलचक पत्रातलं एक वाक्य आहे, आणि त्या पत्राचा बाकीचा मजकूर भिंतीवर लावायला कोणी धजत नाही. लगेच आधीचं, दहावं वचन काढून बघा. बाबेलात सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुमचा समाचार घेईन, असं तिथे लिहिलंय. बाबेलात पाडाव होऊन गेलेल्यांपैकी ज्याने हे पत्र तिशीत ऐकलं तो परतीच्या वेळी शंभरीचा असणार होता. म्हणजे नसणारच होता.

या दहाव्या वचनाकडे माझं लक्ष वेधलं ते एका मैत्रिणीने. तिच्यावर लांबलेले उपचार चालू आहेत. किती लांबणार, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. आजाराची बातमी मंडळीत पसरल्यावर तिच्या फोनवर यिर्मया 29:11 चा पाऊस पडला. काही दिवस तिने सगळ्यांना हात जोडल्याची चित्रं उलट पाठवली. मग एकदा सलाईन लावून बसलेली असताना मला म्हणाली, "हे पत्र मुळात कोणाला लिहिलेलं होतं गं? आणि त्यांचं पुढे काय झालं?" ती आयुष्यभर हिशोब तपासण्याचं काम करत आलेली बाई. एकाच नोंदीवर बोट ठेवून कोणी 'बघा, सगळं जुळतंय' म्हणालं की तिला चैन पडत नाही. मागची पानं काढा, पुढची काढा, हा तिचा खाक्या. तिने यिर्मया पहिल्या अध्यायापासून वाचायला घेतला. पुस्तकाचे अध्याय 52, आणि त्यांचा काळाचा क्रमही सरळ नाही. मधेच मागे, मधेच पुढे. तिला बोलायला कोणीतरी हवं होतं म्हणून मीही सोबत वाचू लागले.

पत्र समजायचं तर त्याच्या आधीचा अध्याय वाचावा लागतो, आणि तो अध्याय म्हणजे जवळजवळ नाटकच आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम काबीज केलं. तरुण राजा यखन्या, त्याची आई, सरदार, सुतार, लोहार अशी कामाची माणसं निवडून तो बाबेलास घेऊन गेला. मंदिरातली भांडीही नेली. शहर मात्र अजून उभं होतं, मंदिरही उभं होतं, सिद्कीया नावाचा राजा गादीवर होता. मागे राहिलेल्यांच्या मनात एकच प्रश्न: गेलेली माणसं परत कधी येणार?

यिर्मया त्या दिवसांत मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलच्या राजाच्या जुवाखाली मान द्या, लढू नका, असा त्याचा संदेश; तो त्याने अंगावरच चढवला होता. अशात गिबोनाचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षं. दोन वर्षांच्या आत देव बाबेलच्या राजाचं जू मोडणार. राजा परत येईल, माणसं परत येतील, भांडीसुद्धा परत येतील. बोलायचा थाट तोच, 'सेनाधीश परमेश्वर असे म्हणतो'. देवाचं नाव तेच आणि शेवटही गोडच. यिर्मयाच्या पत्रात आणि हनन्याच्या भाषणात परतीच्या आशेबद्दल काहीच वाद नाही. वाद आहे तो मुदतीचा.

यिर्मयाचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, "आमेन! परमेश्वर असं करो." टोमणा की मनापासून? मला मनापासूनच वाटतं. कारण यिर्मयालाही आपली माणसं परत यायला हवीच होती. सत्तर वर्षं सांगण्यात त्याला कसलं सुख? मग तो इतकंच म्हणतो की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा, हे ते भाकीत पुरं झाल्यावरच कळतं. हनन्या पुढे येतो, यिर्मयाच्या मानेवरचं जू काढतो आणि सगळ्यांसमोर मोडून टाकतो. लोकांना काय बरं वाटलं असेल त्या आवाजाने! आणि यिर्मया? मजकूर एवढंच सांगतो की तो आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्याकडे त्या क्षणी चोख उत्तर तयार नव्हतं. देवाचं वचन त्याला मागाहून मिळालं: लाकडी जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडी जू केलंस. आणि हनन्यावरचा आरोप असा की देवाने न पाठवता तू या लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावलंस. ही गोष्ट पाचव्या महिन्यातली. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. दोन वर्षांची ग्वाही देणाऱ्याला दोन महिनेच मिळाले.

हनन्या जाणूनबुजून फसवत होता की स्वतःच त्या आशेत वाहून गेला होता, हे शास्त्र सांगत नाही. मला तो परका वाटत नाही. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून 'येत्या महिन्यात तू ठणठणीत होणार, मला देवाने दाखवलंय' असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं आणि प्रेमही खरं असतं. महिना उलटल्यावर मात्र ती फोन करायची थांबतात, आणि आजाऱ्याच्या वाट्याला आजाराबरोबर आणखी एक ओझं येतं, की आपलाच विश्वास कमी पडला. माझ्या मैत्रिणीलाही असं सांगणारं एक माणूस भेटलं. ती मला म्हणाली, "दोन वर्षंवाला आला होता." तेव्हापासून आमच्यात हा परवलीचा शब्द झालाय.

या पार्श्वभूमीवर यिर्मयाचं पत्र निघतं. ते घेऊन जाणारे दोघे म्हणजे सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे पाठवलेले राजाचे वकील, एलासा आणि गमऱ्या. सरकारी टपालातूनच गेलं म्हणायचं. वाट लांबची होती. पुढे एज्रा नावाचा याजक बाबेलाहून यरुशलेमेला आला तेव्हा त्याला त्या प्रवासाला चार महिने लागले. इतक्या लांबून आलेलं पत्र उघडताना पाडाव झालेल्या माणसांच्या मनात काय असेल? परतीची तारीख. आणि पत्र सुरू होतं ते असं: घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. बायका करा, मुलंबाळं होऊ द्या, मुलांची लग्नं लावा, नातवंडं होऊ द्या. तिथे वाढा, कमी होऊ नका. ज्या शहरात मी तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे.

बाबेलसाठी प्रार्थना! आपलं घर ज्यांनी लुटलं त्यांच्या शहराचं भलं मागायचं. येशूने डोंगरावर बसून शत्रूंसाठी प्रार्थना करायला सांगितलं ते आपल्याला नवीन वाटतं, पण त्याआधी जवळजवळ सहाशे वर्षं कैद्यांच्या एका वस्तीत हेच वाचून दाखवलं गेलं होतं.

लोकांनी हे पत्र काही चौकटीत घालून लावलं नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी शमाया नावाच्या एका माणसाची तक्रार आहे. बाबेलातून त्याने यरुशलेमेच्या याजकाला उलट पत्र धाडलं, की हा यिर्मया आम्हांला कळवतो, मुक्काम लांबणार आहे, घरं बांधा. अशा वेड्याला तुम्ही खोड्यात का घालत नाही? आपण ज्या कागदातलं वाक्य आशीर्वाद म्हणून एकमेकांना पाठवतो, तो कागद ज्यांच्या हातात पहिल्यांदा पडला त्यांतल्या एकाला तरी तो वाईट बातमीचाच वाटला. त्याचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. गाठोडं बांधून दाराशी बसलेल्या माणसाला 'बाग लाव' म्हटलं तर तो चिडणारच. झाड लावायचं म्हणजे फळ येईपर्यंत इथेच राहायचंय हे कबूल करणं.

जरा बाजूची गोष्ट. आपण वचनं अशी सुटी सुटी उचलतो, त्याला आकड्यांचीही थोडी मदत झाली आहे. पवित्र शास्त्राचे आज रूढ असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले असं मानतात. नव्या करारातल्या वचनांचे क्रमांक तर रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा त्यात चौथा अध्याय, तेरावं वचन असं काही नव्हतं. शोधायला हे क्रमांक फार सोयीचे आहेत, माझं त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण क्रमांक पडला की वाक्य एकटं उभं राहू शकतं असं वाटू लागतं. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे वाक्य खेळाडूंच्या शर्टावर असतं. लिहिणारा पौल मात्र बंदिवासात आहे, आणि आधीच्याच ओळीत सांगतोय की मी तृप्त असायला शिकलोय आणि उपाशी असायलाही.

सुट्या वचनाचा सगळ्यांत जुना सराईत कोण, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहेच. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि स्तोत्र 91 म्हणून दाखवतो: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. उतारा बिनचूक. येशू त्यातलं एक अक्षरही खोडून काढत नाही. 'असाही शास्त्रलेख आहे' एवढंच म्हणतो आणि 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वाक्य त्याच्या शेजारी आणून ठेवतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. वचनाला वचनाची सोबत लागते, हे मला कोणत्याही टीकाग्रंथापेक्षा त्या एका 'असाही'ने जास्त शिकवलं.

काही कडक अभ्यासक इथे लगेच म्हणतात की यिर्मया 29:11 आपल्यासाठी नाहीच, ते बाबेलातल्या यहूद्यांसाठी आहे, हात लावू नका. हे मला पटत नाही. देवाची जितकी वचनं आहेत ती ख्रिस्तामध्ये 'होय' आहेत असं पौल करिंथकरांना लिहितो, आणि त्या 'होय'च्या आत मीही येते असा माझा विश्वास आहे. मात्र घ्यायचं तर अख्खं पत्र घ्यावं. संकल्प हिताचे आहेत हे घ्यायचं, तर सत्तर वर्षंही पदरात घ्यायची. ती वजा केली की उरतं ते यिर्मयाचं वचन राहत नाही, हनन्याचं होतं.

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला कोण उठतं हे कधी नीट पाहिलंत? ज्याचा रिपोर्ट चांगला आला तो. जिला नोकरी लागली ती. सगळे 'हालेलूया' म्हणतात, मीही म्हणते, आणि त्या आनंदात काही खोट नसते. पण ज्याचा निकाल अजून लागलेला नाही तो मागच्या रांगेत बसून राहतो. त्याला सांगण्यासारखं काही नाही असं त्यालाही वाटतं आणि आपल्यालाही. शास्त्राचं तसं नाही. 150 स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी निकाल लागायच्या आधीच गायलेली आहेत. तेरावं स्तोत्र उघडतं तेच 'हे परमेश्वरा, कोठवर?' या प्रश्नाने, आणि दोन वचनांत तो प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही उजेडात होत नाही. शेवटच्या ओळीत अंधारच आहे. ते कोणी गाळलं नाही, त्याला गोड शेपूटही जोडलं नाही.

खुद्द यिर्मयाही तसाच. हिताच्या संकल्पांचं पत्र ज्याने लिहिलं त्याच माणसाने पंधराव्या अध्यायात देवाला विचारलंय, तू मला आटून जाणाऱ्या फसव्या ओढ्यासारखा होणार काय? आमच्या वाचनात आम्ही सगळ्यांत जास्त वेळ थांबलो ते विसाव्या अध्यायावर. 'परमेश्वराला गीत गा, त्याने दीनाचा जीव सोडवला आहे' असं तेरावं वचन म्हणतं. मला वाटलं, आता शेवट गोड. चौदावं वचन: मी जन्मलो तो दिवस शापित असो. मधे ना दम घ्यायला जागा, ना काही स्पष्टीकरण. मैत्रीण फोनवर हसायला लागली. "अगं, माझी कालची संध्याकाळ आहे ही," म्हणाली. सहाला उपकारस्तुती केली होती आणि सातला उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि मधल्या तासात आपला विश्वास गेला की काय या भीतीने आणखी हैराण झाली होती. यिर्मया त्या तासातून गेलेला दिसल्यावर तिला, तिच्याच शब्दांत, 'कंपनी मिळाली'.

तिच्याशी बोलताना माझ्या एक लक्षात आलं. आम्ही 'देवावर भरवसा' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मनाच्या एका अवस्थेबद्दल बोलत असतो: चिंता वाटत नाही, मन शांत आहे, वगैरे. यिर्मयाच्या पुस्तकात भरवसा शोधायला गेलं तर अशी अवस्था फारशी हाती लागत नाही. सापडतात ती कामं, तीही बऱ्यापैकी कंटाळवाणी. घर बांधणं, बाग लावणं. आणि बत्तिसाव्या अध्यायात तर चक्क जमिनीचं खरेदीखत.

हा अध्याय मी तिला दोनदा वाचून दाखवला, कारण व्यवहाराची कागदपत्रं म्हटली की तिचे डोळे चमकतात. सिद्कीयाचं दहावं वर्ष. बाबेलच्या फौजेचा यरुशलेमेला वेढा पडलेला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार असं तो सांगत राहिला. तिथे त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून तासा-दीड तासाच्या चालीवर. शहरालाच वेढा पडला असताना त्या शेतावर पाय ठेवायची सोय नव्हती. विकणाऱ्याला पैसे हवे असणार हे समजतं. घेणारा का घेईल?

यिर्मया घेतो, आणि घाईने उरकत नाही. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. खत लिहितो, मोहोर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती सर्वांसमक्ष आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. घरं, शेतं आणि द्राक्षमळे या देशात पुन्हा विकत घेतले जातील, असं देवाने सांगितलंय.

आणि हे सगळं झाल्यावर तो प्रार्थना करतो. आधी नाही, नंतर. सुरुवात भव्य आहे: तू आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तुला अवघड असं काहीच नाही. पुढे इस्राएलाचा सगळा इतिहास येतो. शेवटी मात्र मनातलं बाहेर पडतं: बघ, शहर घ्यायला मोर्चे आलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती गेल्यासारखंच आहे, आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे, साक्षीदार बोलाव! चांदी तोलून झाली, सह्या झाल्या, आणि मग माणूस विचारतोय की देवा, हे तू मला काय करायला लावलंस. मैत्रिणीचं मत असं की व्यवहार करून मागाहून काळजी करणारा गिऱ्हाईक तिने पुष्कळ पाहिलेत. मला त्यात आणखी काहीतरी दिसलं. आधी सगळ्या शंका फिटाव्यात, मग सही करावी, असं यिर्मयाने केलं नाही. शंका घेऊन देवाकडे गेला, पण सही करून गेला.

त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर घातल्याची नोंद नाही. शहर पडलं, मंदिर जळलं, आणि पुढे लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसरात नेलं. इ.स.पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि परतीची परवानगी मिळाली. ही सत्तर वर्षं नेमकी कुठून कुठे मोजायची यावर अभ्यासकांचे वेगवेगळे हिशोब आहेत. मंदिर पडल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंत, म्हणजे 586 ते 516, असं धरलं तर बरोबर सत्तर भरतात. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे. अशा याद्या वाचनात आल्या की मी सहसा पान उलटते. यावेळी मैत्रिणीने उलटू दिलं नाही. तेविसावं वचन: अनाथोथचे लोक, 128.

तिने ते कागदावर लिहून घेतलं. पुढे काय झालं, हा तिचा मूळ प्रश्न होता ना.

खरेदीखताचं भांडं सांभाळणाऱ्या बारूखालाही एक वचन मिळालेलं आहे, आणि ते भिंतीवर मी अजून कुठे पाहिलेलं नाही. पंचेचाळिसावा अध्याय, सगळी मिळून पाच वचनं. यिर्मयाचे शब्द गुंडाळीवर लिहायचं काम बारूखाचं. पुढे राजा यहोयाकीमाने हिवाळ्यात शेगडीपुढे बसून ती गुंडाळी ऐकली, आणि तीन-चार स्तंभ वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकला. बारूखाने सगळं पुन्हा लिहिलं. पहिली गुंडाळी लिहिली त्याच वर्षी तो कण्हत होता की मी थकलोय, मला चैन नाही. देवाने त्याला मोठं काही देऊ केलं नाही. तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी पाहतोस काय? पाहू नको. पण तू जिथे जिथे जाशील तिथे तुझा जीव मी तुला लूट म्हणून देईन. एवढंच. अनेक दिवस आम्ही दोघी यावर बोलत राहिलो. मला ते वचन कोरडं वाटलं होतं. तिला नाही वाटलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात जगणाऱ्या माणसाला 'जिथे जाशील तिथे जीव' हे कोरडं वाटत नसावं.

अगदी हेच देणं या पुस्तकात आणखी एकाला मिळतं, आणि तो परका आहे: एबद-मलेख, कूश देशाचा, राजवाड्यातला नोकर. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी एका टाक्यात सोडलं. टाक्यात पाणी नव्हतं, चिखल होता, आणि यिर्मया त्यात रुतला. राजा सिद्कीयाने हात झटकले होते. एबद-मलेख भर वेशीत बसलेल्या राजाकडे गेला, ही माणसं वाईट करताहेत असं तोंडावर सांगितलं आणि तीस माणसं न्यायची परवानगी मिळवली. पण टाक्याकडे जाण्याआधी तो राजवाड्यातल्या भांडाराखालच्या खोलीत गेला आणि तिथून जुन्या चिंध्या, फाटके कपडे गोळा करून आणले. ते दोरांनी खाली सोडले आणि वरून सांगितलं, या चिंध्या काखांखाली, दोरांच्या मधे घाल. दोर काचू नयेत म्हणून.

इतिहास लिहिणाऱ्याने हे गाळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. टाक्यातून माणूस बाहेर आला, एवढं पुरलं असतं. पण चिंध्या कुठून आणल्या ते खोलीसकट नोंदलं गेलंय.

शहर पडण्याआधी यिर्मयाकडून त्याला देवाचा निरोप जातो. तुझा जीव तुला लूट म्हणून मिळेल, आणि कारणही दिलंय: तू माझ्यावर भरवसा ठेवलास म्हणून. हनन्याने ज्यांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावलं ते देवाचेच लोक होते, मंदिरात उभे होते. आणि हा शाबासकीचा शब्द गेला तो राजवाड्यातल्या एका परदेशी नोकराकडे. त्याने कधी प्रार्थना केल्याचं, वचन पाठ म्हटल्याचं पुस्तकात कुठे नाही. दोर, तीस माणसं आणि चिंध्या यांचाच काय तो उल्लेख. त्याच निरोपात देव त्याला असंही सांगतो की ज्या माणसांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती तू पडणार नाहीस. म्हणजे भीती होती, देवालाही ती ठाऊक होती, आणि टाक्याच्या काठावर वाकून 'काखांखाली घाल' असं सांगताना ती कुठे गेलेली नव्हती.